ताईचा बुडण्याचा हक्क

इंग्लंडात मेडनहेडला ट्रेनमधून उतरलो, तेव्हा ताई फलाटावर ओल्या केसांनी उभी होती. सप्टेंबर २००६. मी स्वेटरवर जॅकेट चढवून कुडकुडत होतो आणि माझी सदुसष्ट वर्षांची मावसबहीण नुकतीच तळ्यातून बाहेर आली होती.

"आता थोडेच दिवस राहिलेत," ती म्हणाली, "म्हणून एकही चुकवत नाही."

मला वाटलं आजारपण. निघालं कौन्सिल (तिथली नगरपालिका).

ताई राहते ते गाव स्टेशनपासून बसने वीस मिनिटांवर. गावाबाहेर कौन्सिलच्या मालकीचं तळं आहे. भोवती विलोची झाडं, पाण्यावर बदकं, काठाला चार फळ्यांचा धक्का. ताई तिथे तेवीस वर्षं रोज सकाळी सातला पोहते. सोबत टेड नावाचा निवृत्त पोस्टमन आणि आणखी पाचसहा जण. आता कौन्सिलच्या मनात आलं होतं की लाइफगार्ड (जीवरक्षक) नसेल तेव्हा कुणी पाण्यात उतरायचं नाही. लाइफगार्ड असतो फक्त शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, दहा ते चार. म्हणजे सकाळचं पोहणं कायमचं बंद. गुरुवारच्या सभेत मतदान होतं.

"आम्ही लिहून द्यायला तयार आहोत," ताई म्हणाली. "ओन रिस्कवर. बुडालो तर आमचं आम्ही. पण ते लिहूनच घेत नाहीत रे."

हे समजायला मला वेळ लागला. आमच्याकडे सरकार घाटात 'वाहने सावकाश हाका' अशी पाटी लावतं आणि मोकळं होतं. इथे माणसं जबाबदारी मागत होती आणि सरकार ती सोडत नव्हतं. खांबाखांबावर कॅमेरे लावून लोकांवर लक्ष ठेवणारं हे सरकार. तळ्यावर लक्ष ठेवायला माणूस नाही, म्हणून तळंच बंद.

बुधवारी सकाळी पाठिंबा म्हणून मीही उतरलो. लहानपणी विहिरीत पोहलो होतो, तेवढ्या भांडवलावर.

"काठाकाठानेच राहा, विन्या," ताईने बजावलं.

मी राहिलो नाही. मधोमध पोचलो आणि थंडीने उजव्या पोटरीत गोळा आला. दोन घोट पाणी पोटात गेलं. ताई आणि टेडने माझ्या बगलांत हात घालून मला काठावर आणलं. मग ताईने डब्यातले बटाटेवडे आणि थर्मासमधला चहा काढला. टेडने तीन वडे खाल्ले आणि म्हणाला, "उद्या सभेत हे कुणी बोलायचं नाही."

ताईने रिकामा डबा बंद केला.

सभेत मेयरसाहेबांच्या (नगराध्यक्षांच्या) गळ्यात सोनेरी साखळी होती. पोळ्याला इतका सजवलेला बैल मी अजून पाहिलेला नाही. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं. ताईने दोनच घेतली.

"माझं शरीर माझं आहे, कौन्सिलचं नाही. माझं वय मला ठाऊक आहे, पाणी किती थंड आहे तेही. माझ्यामुळे दुसऱ्याला धोका असेल तर मला जरूर अडवा. मला माझ्यापासून वाचवायचं काम मी तुम्हाला दिलेलं नाही."

मेयरसाहेबांनी विचारलं, "तुमच्या सकाळच्या वेळेत कधी अपघात झालाय?"

टेड स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"झालाय," ताई म्हणाली. "काल. माझा भाऊ बुडता बुडता वाचला."

कुजबुज सुरू झाली. तेवीस वर्षांचं पोहणं एका वाक्यात गेलं, असं मला वाटलं. पण खोटं बोलून जबाबदारी मागता येत नाही, हे ताईला माझ्याआधी कळलं होतं.

मी उभा राहिलो. कुणी बोलावलं नव्हतं. सांगितलं, की बहिणीने काठाकाठाने राहायला बजावलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी. तळ्याची नाही, आणि कौन्सिलची तर मुळीच नाही. मेयरसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्या खुर्चीत बसून हे वाक्य त्यांनी बहुधा प्रथमच ऐकलं असावं.

नऊविरुद्ध आठ मतांनी ठरलं: लिहून देणाऱ्यांना सकाळी सात ते आठ पोहता येईल.

दुसऱ्या दिवशी ताईने सही केली आणि सरळ पाण्यात गेली. कागद माझ्यापुढेही आला. मी तो वाचला, परत दिला आणि काठावर बसून तिचा टॉवेल सांभाळला. न उतरण्याचा हक्कही त्यातच येतो.

गावी परतल्यावर चौथ्या दिवशी, भर दुपारी, उघड्या गटारात माझा पाय गेला. घोटा मुरगळला. अर्ज लिहून नगरपालिकेत गेलो. लिपिकाने मान वर न करता सांगितलं, "बघून चालायचं ना, काका." जबाबदारी परदेशातून ताजी ताजी आणलेली, त्यामुळे मला ते पटलंच. अर्ज खिशात घालून लंगडत घरी आलो.

रविवारी ताईचा फोन आला, तेव्हा तिला सगळं सांगितलं.

"तळ्यात तू स्वतःहून उतरलास," ती म्हणाली. "गटारात उतरला होतास?"

"नाही."

"झाकण बसवायचं काम कुणाचं?"

"त्यांचं."

"मग परत जा. आणि पोच घेतल्याशिवाय हलू नकोस."

आपल्या चुका एकदा आपल्या म्हटल्या, की दुसऱ्याच्या चुका त्याच्या घरी पोचवायला संकोच वाटत नाही. सोमवारी अडीच तास बाकावर बसून पोच घेतली. सही करण्यापूर्वी लिपिकाने ती तीनदा वाचली.