खालाच्या गाण्यातली हत्तीची आजी

"थांबा, धागा तुटला."

असं म्हणून ती मशीनवरचा पाय उचलायची, धाग्याचं टोक ओठांत ओलं करायची आणि मान वाकवून सुईत ओवायची. तेवढा वेळ टीव्हीपुढं बसलेली पोरं एकदम चूप. कारण तिचा धागा तुटला की गाणंही तुटायचं.

सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. जुन्या नाशकात आमच्या समोरच्या दारात राहायची. नवरा गेलेला, मुलगी मालेगावला दिलेली. दिवसभर ब्लाउज-परकर शिवायची आणि ज्यांच्या घरातले दोघं कामाला जातात त्यांची पोरं सांभाळायची. माझा मुलगा आणि सून अंबडला कंपनीत. म्हणून आमची बबडी, माझी नात, तिच्याकडंच वाढली म्हणा ना. अर्धी तिच्याकडं आणि अर्धी माझ्या बायकोकडं.

मी तांबट. चौथी शिकलो आणि पुढं जन्मभर हंडे-घागरी ठोकल्या. त्यात कान निम्मे गेले आणि बोलणं मोठं झालं. मला गोड बोलता येत नाही, ते सोडून द्या.

तर टीव्हीवर ते लहान पोरांचं कार्टून लागतं. तुमच्याही घरात लागत असेल. एका टेकडीवर चार घरं : हत्तींचं, अस्वलांचं, बदकांचं, शेळ्यांचं. प्रत्येक घरात आई, बाप, पिल्लं, आजी. आंघोळ करताना गाणं, जेवताना गाणं, झोपताना गाणं. खाला टीव्ही लावायची आणि आवाज पार बंद करायची. म्हणायची, "मशीन एवढी ओरडते, त्यात आणखी हा कशाला ओरडायला?" आणि मशीनच्या ठेक्यावर स्वतःच गायची. मनाचं.

बरं, तिचे डोळे कापडावर. पडद्यावर बदकं पोहत असायची आणि हिच्या गाण्यात ती भाकऱ्या थापत असायची. पोरांना त्याचं काही नाही. उलट घरी जाऊन आवाजासकट कार्टून बघितलं की रडायची, "हे खोटं आहे!" म्हणून.

तिच्या गाण्यात रमजानला अस्वलं रोजा धरायची, एकादशीला बदकं उपास करायची आणि शेळ्या दोन्हीकडं जेवायच्या. एक आई तक्रार घेऊन आली, "खाला, आमचा म्हणतो अस्वलाचा रोजा आहे. हे काय शिकवता?"

"मग? थंडीभर झोपतं ते अस्वल, तेव्हा कोण त्याला वडापाव देतं? सवय असते त्याला!"

बाई हसत घरी गेली.

बकरी ईद आली की शेळ्यांचं अख्खं घर मामाकडं चांदवडला जायचं. पडद्यावर शेळ्या नाचत असल्या तरी गाण्यात त्या चांदवडला. ईद उरकली की परत. मी ओट्यावरून ओरडायचो, "खाला, शेळ्या सुखरूप आल्या का?"

"आल्या भाऊ. जाड होऊन आल्या."

तिच्या गाण्यात कोणी मरत नसे, फार तर गावाला जायचं.

थंडीत माझी बायको गेली. बबडी तेव्हा समोर खालाकडं होती. संध्याकाळी घरात आली आणि कोपरे धुंडायला लागली. सून रडतेय, मुलगा भिंतीकडं तोंड करून बसलेला. पोरीला कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खालाला विचारलं. खालानं मशीन सुरू केली आणि म्हटलं,

"हत्तीची आजी गडावर गेली, पेढ्यांची पुडी घेऊन येईल."

आमची ही दर चैत्राला वणीच्या गडावर जायची. पोरीसाठी पेढे आणि बांगड्या आणायची. पोरीला पटलं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वाट बघायला लागली. मी म्हटलं, विसरेल. लहान आहे.

चैत्र आला. गल्लीतल्या बाया गडावरून परतल्या. बबडी धावत गेली. एकेकीच्या तोंडाकडं बघितलं, एकेकीच्या पदराला धरून मागं बघितलं. मग एकीची पिशवी उघडून आत बघायला लागली. कोणीतरी तिच्या हातात पेढा दिला. तिनं तो खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला. आजी मागून येतेय, असं तिला वाटलं असणार.

मी तडक समोर गेलो.

"खाला, ते गाणं बदल. मेली म्हणून सांग."

"माझ्या तोंडातून निघत नाही ते, भाऊ."

"त्यात काय निघायचंय? मेली म्हणजे मेली. शेळी आहे का ती, चांदवडहून परत यायला?"

तिनं वर बघितलं. "मग तुम्ही का नाही सांगितलं पोरीला?"

मी तिच्या चौकटीवर बोटं ठोकायला लागलो.

"थांबा, धागा तुटला," ती म्हणाली आणि सुईवर वाकली. धागा धड होता. मला दिसत होता.

माझं अजून म्हणणं आहे की तिचं चुकलं. पण त्यानंतर गाणं हलायला लागलं. आधी हत्तीची आजी गडाच्या पायरीवर बसली. मग पेढ्यांची पुडी गाण्यातून गेली. पावसाळ्यात आजी दमली. आखाड सरता सरता हत्तीच्या आजीला झोप लागली. बबडीनं ओट्यावर बसणं कमी केलं. खाला एकेक पायरी चढत कुठं निघालीय ते मला कळत होतं. मी दारात उभा राहून ऐकायचो. पुढचं कडवं तीच म्हणेल, मला म्हणावं लागणार नाही, असं धरून चाललो होतो.

ते राहिलं. एका सकाळी तिच्या छातीत दुखलं. रिक्षात बसताना सांगत होती, "पोरांना दूध द्या कोणीतरी." दवाखान्यातून परत आली ती मातीच. मी खांदा दिला. मुलगी मालेगावहून आली, मशीनवर चादर टाकली आणि दाराला कुलूप लावून गेली.

काल सुनेनं बबडीला जेवायला बसवलं आणि कार्टून लावलं. पोरीनं रिमोट घेतला, आवाज बंद केला आणि माझ्याकडं बघितलं.

"आबा, हत्तींचं म्हण."

"मला नाही येत."

"म्हण."

मी तिच्या ताटाच्या कडेवर बोटं ठोकली. ठोकणंच येतं मला. म्हटलं, "हत्तीच्या आजीला झोप लागली."

"मग?"

"मग ती उठली नाही. मेली ती, बबडे. आता येत नाही."

पडद्यावर हत्ती एकमेकांवर पाणी उडवत होते. बबडी त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आणि खाला?"

माझी बोटं ताटावर थांबली.

"थांब," मी म्हटलं. "धागा तुटला."

ती थांबली. घास तोंडात तसाच धरून, समोरच्या दारात थांबायची तशी. मग घास गिळून हळूच म्हणाली,

"ओव ना मग, आबा."