नवऱ्याची सही

"वरने बदले दियरने लावी? तो आ छोकरुं कोनुं?"

नवऱ्याऐवजी दिराला आणलंस, मग हे पोर कुणाचं, असं सरकारी दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईने गुजरातीत मोठ्याने विचारलं. नवरा कामावर आहे, हा माझा दीर, हाच सही करेल, एवढंच मी बोलले होते. मागे रांगेतल्या दोघी हसल्या. दीर शेजारीच उभा. माझं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता, मी त्याला डबा भरून द्यायची. त्याची मान खाली गेली.

"मी भाइर उभा ऱ्हास, वैनी," म्हणाला आणि निघून गेला.

मला दुसरा महिना होता. दोन मुलं आहेत, तिसरं नको होतं. नवऱ्यालाही नको होतं. पहिल्या खेपेला याच बाईने गर्भपाताचा एक कागद हातात देऊन सांगितलं होतं, नवऱ्याला आण, त्याची सही लागेल. नवरा नवागामला लूमवर, कापडाच्या मागावर, बारा तासांची पाळी. म्हणाला, "मी उनू ते शेठ मना लूम दुसराले देई दी." खोटं नव्हतं ते, एक पाळी सोडून आला की शेठ माग दुसऱ्याला देतो. आम्हा खानदेशी माणसांत खोली भाड्याने घेताना, मुलाचं नाव शाळेत घालताना, नवरा नसला की दीरच सही करतो. म्हणून त्याला नेलं. चूक माझीच, असं तेव्हा वाटलं.

मग तीन आठवडे मी गेलेच नाही. लाज वाटायची. घरात बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची, ओकून यायची, परत चिकटवायची. दीर माझ्याकडे बघायचा नाही.

एका दुपारी तो गुजरातीतला कागद काढला. मी इथेच लिंबायतमध्ये वाढलेली, सातवीपर्यंत गुजराती शाळेत शिकलेली. तरी इतके दिवस वाचला नव्हता. नवऱ्याचा कागद आहे म्हणून सांगितलं होतं ना! दोनदा वाचला. सही एकच, जिच्या पोटात मूल आहे तिची. पालकांच्या सहीची जागा होती, पण ती अठराच्या आतल्या मुलीसाठी. मी तीस वर्षांची.

आधी नुसता थकवा आला. राग नंतर.

दुसऱ्या दिवशी एकटी गेले. तीच बाई. तिच्यासमोर सही केली. नवऱ्याची कुठाय, तिने विचारलं.

"क्यां लख्युं छे? बतावो."

कुठे लिहिलंय ते तिने दाखवलं नाही. कागद आत घेतला.

तपासून डॉक्टर म्हणाले, उशीर केलास, आधी आली असतीस तर गोळ्यांवर भागलं असतं, आता पिशवी साफ करावी लागेल. उशीर मी केला? मी गप्प राहिले, पिशवी साफ करून घेतली. त्या गप्प राहण्याची चीड अजून जात नाही.

कायदा आहे म्हणतात. असेल. खिडकीपर्यंत तो पोचलेला नाही. तेव्हापासून गल्लीतल्या दोघींना मी सोबत घेऊन गेले. अख्खा दिवस मोडतो, पाय दुखतात, कंटाळा येतो. तरी जाते. आणि आता कुठल्याही बाईला कुणी म्हणालं, उशीर का केलास, तर मी गप्प बसणार नाही. उशीर कुणी केला ते सांगणार आहे. खिडकीकडे बोट दाखवून, तिथे बसलेल्या माणसाचं नाव घेऊन.