तहानलेली बोगनवेल

आमच्या घरमालकांइतका झाडांचा छळ केलेला माणूस नाशिकमध्ये दुसरा नसेल, आणि त्या छळाला कला म्हणणारा तर नाहीच नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात कामाला लागलो, तेव्हा आठवीत शाळा सोडलेल्या, हिंगोलीकडच्या एकट्या माणसाला कुणी खोली देत नव्हतं. यांनी गच्चीवरची दिली. तो उपकार मी विसरलेलो नाही, नाहीतर इतकी वर्षं तोंड मिटून राहिलो नसतो.

गच्ची माझी कमी आणि त्यांच्या बोन्सायच्या कुंड्यांची जास्त. वड गुडघ्याएवढा, पिंपळ त्याहून बुटका, चिंच तर मांजराने सहज ओलांडावी अशी. पण काकांचा, म्हणजे घरमालकांचा, जीव सगळा बोगनवेलीत. देवळाली कॅम्पात एक जुना बंगला पाडत होते. त्याच्या कुंपणाची, मांडीएवढ्या खोडाची वेल यांनी मजुरांच्या विनवण्या करून खणून घेतली. फांद्या छाटलेल्या, मुळं तोडलेली, वरून ओलं गोणपाट. बसमध्ये ते लाकूड खिडकीपाशी बसलं आणि काका नाशिकपर्यंत उभे. कंडक्टरने विचारलं, हे सरपण कुठं निघालं? त्यावर यांनी तीन महिने त्या बसचं तोंड पाहिलं नाही.

घरी आल्यावर विटांचा चुरा आणि नदीची वाळू, त्यात तो खुंट रोवला. कोंब फुटले आणि खरे हाल सुरू झाले. जळलेल्या मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार कोवळ्या फांदीला गुंडाळायची. फांदी सरळ असेल तर वाकवायची, वाकडी असेल तर आणखी वाकवायची. जरा जून झालेली फांदी ऐकत नाही, काडकन मोडते. मोडली की दोष माझा, कारण मी शेजारून चपला वाजवत गेलो. सगळा खटाटोप कशासाठी, तर झाड म्हातारं दिसावं. अहो, ते होतंच म्हातारं. कुंपणावर गपगुमान म्हातारं झालं होतं.

आणि पाणी म्हणून द्यायचं नाही. बोगनवेल तहानली तरच फुलते, म्हणे. पानं मान टाकेपर्यंत तांब्याला हात लावायचा नाही. "लाड केले की नुसती पानं काढते," हे ते नेमकं माझ्याकडे बघत म्हणायचे.

बायको-मुलीला गावाहून आणायची परवानगी मागायला मला दीड वर्ष धीर झाला नाही. मागितली तेव्हा एकच अट पडली: कुंड्यांना हात लावायचा नाही. मी गावी जाऊन ती बायकोला तीनदा म्हणून दाखवली.

हिवाळ्यात फुलांचं प्रदर्शन होतं. काका वेलीचं पाणी तोडून कळ्या मोजत होते. मध्येच बहीण आजारी म्हणून आठवडाभर निफाडला गेले. मी दिवसभर कामावर. आमच्या गावाला उन्हाळा टँकरवर निघायचा. तिकडं वाढलेल्या माझ्या बायकोने दारातलं झाड मान टाकून उभं पाहिलं आणि सकाळ-संध्याकाळ कुंडी काठोकाठ भरली. काका परतले तेव्हा खाली अर्धवट रंगलेल्या कळ्यांचा सडा होता आणि शेंड्यांना लुसलुशीत पालवी.

मी ट्रंक बाहेर काढली. मुलीचं नाव यंदाच शाळेत घातलं होतं. आता ते काढायचं आणि तिघांनी परत जायचं, एवढंच डोक्यात. माफी मागायला तोंड उघडलं, तर बायकोच पुढे झाली.

"झाड वाळायलं होतं, काका. डोळ्यासमोर कसं वाळू द्यावं? तुम्हाला नाही का काही वाटत?"

काका कुंडीशी उकिडवे बसले. गळलेली एक कळी उचलून म्हणाले, "वाटतं. म्हणून तर मी दुपारी गच्चीवर येत नाही."

मग माझ्याकडे वळून, "ती ट्रंक आत ठेव. वाटेत आलीय."

प्रदर्शन हुकलंच. पुढे त्यांनी बायकोला पान चाचपायला शिकवलं: ताठ असेल तर थांबायचं, कडा वळल्या की द्यायचं. मला नाही शिकवलं. माझा हात म्हणे घाबरट. गुडघ्यांनी त्यांचा जिना बंद केला, तेव्हा वेल तिच्याकडेच आली. त्यांच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघांनी फुललेली कुंडी उचलून खाली त्यांच्या खाटेपाशी नेली. वाटलं, आता तरी बरं बोलतील. त्यांनी फांदी निरखून पाहिली. "तार काढायला उशीर केलात. वळ उठलाय बघा," म्हणाले, आणि त्या वळावरून अंगठा फिरवत कितीतरी वेळ पडून राहिले.