सुमाकाकूचं जहाज

आज सकाळी मोबाईलवर शेअर बाजार लालेलाल दिसला आणि मांडवीच्या जेटीवरची एक संध्याकाळ आठवली. मी तेव्हा कॉलेजात होते. शाळेत शिकवणाऱ्या माझ्या सुमाकाकूने एका जहाज कंपनीचे शेअर घेतले होते आणि त्यांचा भाव कोसळला होता. "विकून मोकळी हो," असं घरचे सगळे तिच्या मागे लागले होते. ती मला घेऊन जेटीवर आली.

खारा वारा सुटला होता. बंदराबाहेरून त्याच कंपनीचं एक प्रचंड मालवाहू जहाज सरकत होतं.

"शेअर म्हणजे भाग गो," काकू म्हणाली. "त्या जहाजात तिळाएवढी मी आहे. भाव पडला म्हणजे लोक आज कमी किंमत देतायत, एवढंच. जहाज बघ, चाललंय ना?"

"आणि बुडालं तर?"

"तर माझा भागही बुडेल. मालकीण आहे मी!"

एवढं अजस्र लोखंड, आणि त्यात आमची काकू! माझ्या अंगावर काटा आला. जहाज दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघी उभ्याच होतो.

तिने शेअर विकले नाहीत. पुढे कंपनी सावरली. नफ्यातला वाटा, म्हणजे लाभांश आला की काकू मला फोन करायची, "आपलं जहाज पोचलं गो!"