मागून हाक मारायची नाही

दोरी ताठ झाली आणि पोरगा वर आला नाही.

नवरा खडकावर टाचा रोवून दोरी ओढत होता. समोर बुडालेल्या बार्जचं गंजलेलं लोखंड पाण्याबाहेर आलेलं, आणि त्याच्या खाली कुठेतरी माझा मुलगा, कमरेला त्याच दोरीचं दुसरं टोक बांधलेला. पाणी गढूळ. हात घातला तर कोपराच्या पुढे हात दिसत नाही. मघापर्यंत बुडबुडे येत होते, तेही थांबले. आणि त्याच्या कमरेला असायला हवी होती ती सुरी माझ्या हातात होती.

ती माझ्याकडे राहिली ती या माणसामुळे.

हा मालवाहू बार्ज मनोरीला आमच्या किनाऱ्यालगत बरीच वर्षं पडून आहे. वादळात भरकटला, खडकाला लागला आणि बसला. मालक फिरकला नाही. वरवरचं लोखंड भंगारवाल्यांनी कापून नेलं, खालचं चिखलात राहिलं. उधाणाच्या ओहोटीला तिथवर खडकांवरून चालत जाता येतं. बार्जच्या अंगाला मात्र प्रवाहाने चिखल खणून काढलाय, तिथे ओहोटीलाही दोन पुरुष पाणी असतं. जाळी जाऊन अडकतात ती तिथेच. आमचं नवं जाळंही तिथेच गेलं. एवढ्या जवळ टाकू नका, असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. नवरा म्हणाला, "तुला पाण्यातलं काय कळतं?" बरं.

मुलगा कांदिवलीला राहतो. तिथे एका क्लबच्या तलावावर लोकांना पोहायला शिकवतो, कोणी गटांगळ्या खाल्ल्या तर काढतो. गळ्यात शिटी असते. तलावातलं पाणी निळं, तळाची फरशी मोजता येईल असं. तिथे राहून याला वाटायला लागलं की पाणी म्हणजे पाणी. बापाचा फोन गेल्यावर सुट्टीच्या दिवशी सकाळीच खाडी ओलांडून तरीने आला.

"जाळं आहे, सोनं नाही," मी म्हटलं. "राहू दे."

"आये, दोन बुड्यांचं काम आहे. तू चहा ठेव."

"चहा ठेवायला मी घरी थांबणार आहे होय? मी येते."

थंडीचे दिवस होते. उत्तरेचा वारा सुटला होता आणि पाण्यात पाय घातला की कळ पार गुडघ्यापर्यंत जात होती. अशा पाण्यात बोटं आखडतात, साधी गाठ सुटत नाही. हे मी दोघांनाही सांगितलं. दोघांनीही हो हो केलं.

खडकावर आल्यावर मुलाने कमरेचा पट्टा काढला, कारण दोरी नीट बसत नव्हती. त्या पट्ट्यालाच सुरी होती. बापाने दोरी बांधली. ठरलं असं की दोरीला झटका बसला की ओढायचं. मग पोरगा पोहायचा चष्मा लावून पुढच्या खडकांवरून निघाला, आणि पट्टा सुरीसकट राहिला माझ्या पायाशी. मी तोंड उघडलं, तर नवऱ्याने दंड धरला.

"हाक मारू नको गो."

"अहो, सुरी राहिली त्याची."

"वळून बघेल तेव्हा दे. मागून हाक नको."

आमच्याकडे पाण्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. कुठे निघालास म्हणून विचारतही नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा सासूने पहिलं हेच शिकवलं. डबा विसरला तर उपाशी राहील, पण हाक नाही. मी इतकी वर्षं पाळलं. पाळायला काही जात नव्हतं, नवरा एखाददुसऱ्या दिवशी उपाशी राहायचा इतकंच. पण डबा वेगळा आणि सुरी वेगळी, हे त्या माणसाला त्या क्षणी कोण समजावणार?

मी सुरी उचलली आणि चालायला लागले. हाक नाही तर नाही, नेऊन देते. शेवाळाचे खडक, माझे गुडघे असे, आणि पोरगा पुढे टणाटण उड्या मारत चाललेला. एकदा तरी मागे बघेल असं वाटलं. नाही बघितलं. बार्जपाशी जाऊन त्याने सरळ बुडी मारली.

पहिल्या बुडीला वर आला. मी सुरी उंच धरून हलवली, पण त्याचं तोंड समुद्राकडे होतं. तेव्हाही नवरा मागून खुणेनेच गप्प राहा म्हणत होता. दुसऱ्या बुडीला दोरीला झटका बसला. मग आणखी एक. नवऱ्याने ओढायला सुरुवात केली, आणि दोरी ताठ झाली.

मी मध्येच उभी होते, नवरा मागे आणि बार्ज पुढे. म्हणून मला दिसलं ते त्याला दिसत नव्हतं. दोरी सरळ मुलाकडे जात नव्हती. ती बार्जच्या पाण्यालगतच्या एका वाकड्या पट्टीखालून गेली होती. म्हणजे हा इकडून जेवढी ओढत होता, तेवढा पोरगा तिकडे खाली लोखंडाला आवळला जात होता. तो झटके देत होता ते दोरी अडकली, ढिली सोडा म्हणून.

"सोडा," मी ओरडले. "ढिली सोडा."

त्याने आणखी जोर लावला. उभा जन्म दोरी ओढण्यात गेलेला माणूस, झटका बसला की ओढायचं एवढंच हातांना ठाऊक. वर वारा. मी काय बोलते ते ऐकूही गेलं नसेल. परत जाऊन सांगण्याइतका वेळ नव्हता. दोरी माझ्या बाजूनेच जात होती. मी गुडघ्यावर बसले, दोरी खडकावर दाबली आणि सुरी चालवली.

दोरी तुटली तसा नवरा मागच्या मागे आपटला. तिथूनच मला शिवी दिली. पोराची दोरी बायकोने कापली, एवढंच त्याला दिसलं होतं.

पाण्यावर काही नव्हतं. कापलेलं टोक सरपटत आत गेलं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग बार्जच्या दुसऱ्या अंगाला डोकं वर आलं.

दोघांनी मिळून त्याला खडकावर घेतलं. नाकातून रक्त, ओठ काळेनिळे, पोटावर दोरीचा वळ. पाणी ओकला. दात वाजत होते तरी पहिलं बोलला ते बापाला. "बाबा, मला काय घोळ मासा समजलात?"

बापाने स्वतःचा सदरा काढून त्याच्या अंगावर घातला आणि थंडीत उघडा उभा राहिला. मला वाटलं, चला, शिकला काहीतरी.

कसलं काय. घरी आलो, पोराला दोन गोधड्यांत गुंडाळला, चहा दिला. नवरा बशीतला चहा फुंकत म्हणाला, "बघ. हाक मारली नाहीस म्हणून सुरी तुझ्या हातात राहिली. नाहीतर दोरी कशाने कापली असतीस?"

मी म्हटलं, "सुरी त्याच्याकडे असती तर त्यानेच कापली असती."

"आखडलेल्या बोटांनी? तूच म्हणालीस बोटं आखडतात."

पोरगा गोधडीत हसायला लागला. मी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

आता गल्लीत कोणीही आलं की नवरा ही गोष्ट सांगतो, आणि शेवटी मागून हाक न मारण्याचा गुण सांगतो. बायका माना डोलावतात. मी भांडून बघितलं, अबोला धरून बघितला. उपयोग नाही. पोरगा जिवंत समोर बसलेला असतो, आणि बाप त्याच्याकडेच बोट दाखवतो. मला दुसरा पुरावा कुठून मिळणार?

जाळं अजून तिथेच आहे. आम्ही तिघं गेलो होतो, तिघं परत आलो.