नाल्यात सोडलेलं पाणी

प्रभाकर पाण्याचा पेला हातात घेतला की आधी उजेडाकडे धरायचा. "बसू दे जरा," म्हणायचा आणि तळ दिसल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. अमळनेरला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. मी शिक्षक झालो, तो इंजिनिअर. आणि नोकरीत फिरत फिरत आमच्याच गावावरच्या डोंगरात, कालव्याच्या बोगद्यावर येऊन पोचला.

त्या बोगद्याचं छत ढासळलं आणि डोंगरातलं पाणी ढिगाऱ्यामागे तुंबलं. ते बाहेर काढायला वाट एकच, आमचा नाला. नाल्याकाठी विहिरी, विहिरींवर केळी. पहिल्यांदा राखाडी गाळ उतरला तेव्हा ते पाणी सोडायची झडप उघडू द्यायची नाही म्हणून सारं गाव तिच्यापाशी जाऊन बसलं. प्रभाकरने तिथेच शब्द दिला, की पाणी आधी वर खणलेल्या तळ्यात निवळेल, मगच थोडं थोडं नाल्यात येईल. आई सगळ्यांत आधी उठली. म्हणाली, "तू सांगस म्हनीसन उठतस आम्ही."

पुढे तो आमच्याकडेच जेवायला यायचा, आईला अक्का म्हणायचा. "अक्का, भरीत आज जरा मवाळ झालंय," असं म्हणत डोळे पुसायचा आणि पुन्हा वाढून घ्यायचा.

एका बाजाराच्या दिवशी सकाळीच आला. चहा निम्मा ठेवून म्हणाला, "अक्का, निर्धास्त बाजाराला जा. शेतात आज कुणीच थांबू नका, औषध मारणार आहेत नाल्यात." त्याने सांगितलं म्हणून गाव गेलं. परतलो तेव्हा पाणी येऊन ओसरलं होतं. विहिरीत चिखल होता, आणि केळी आडवी.

मी तडक डोंगरावर गेलो. पहाटे आत पुन्हा दरड पडून दोन मजूर अडकले होते, पाणी चढत होतं, म्हणून प्रभाकरने झडप पूर्ण उघडली होती. दोघे वाचले होते.

"गावाला सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा झडपेवर बसला असता," तो म्हणाला. "समजूत घालायला वेळ नव्हता."

"मला तरी सांगायचंस."

"तू अक्कांना सांगितलं असतंस."

ते खरं होतं. तरीही त्यानंतर आमच्या घरी त्याचं ताट मांडलं गेलं नाही. विहीर उपसली, पण तिला पहिल्यासारखं पाणी आलं नाही.

गेल्या महिन्यात जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरी प्रभाकर वारला. आई म्हणाली, मीबी येस. ते दोन मजूरही आले होते; दोघांनी खांदा दिला. आई त्यांच्याकडे बघत राहिली.

परतीच्या एसटीत म्हणाली, "बोगदामा मानसं आडकेल शेतस, इतलं सांगता तर मी कसाले आडवी येती? माले इचारंच नही तेनी."