ओटीपासून परसदारापर्यंत

इथे बहरीनमध्ये, तुबलीतल्या ज्या गॅरेजात मी माझी गाडी नेतो, तिथला मेकॅनिक पालघरकडचा आहे. बॉनेटमध्ये डोकं खुपसूनच तो बोलतो आणि बोलतो ते बहुतेक बुलेट ट्रेनबद्दल. अख्ख्या बहरीनमध्ये रेल्वेचा रूळ नाही, पण तिकडे कुठल्या नदीत किती खांब उभे राहिले, हे याला तोंडपाठ. त्याचं गावचं घर त्याच मार्गात गेलं. हेही तो खांबांच्याच सुरात सांगतो, त्यामुळे ‘अरेरे’ म्हणावं की ‘वा’, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा गाडी आणायला गेलो, तर तो टेपने मापं घेत गॅरेजच्या रिकाम्या जमिनीवर खडूने रेघा मारत होता. लांबट चौकोन पुरा झाल्यावर तो बाहेर आला.

“ही ओटी, ते परसदार,” तो म्हणाला. “आता ट्रेन येणार तीनशे वीसच्या स्पीडने. एवढं घर पार करायला तिला किती वेळ लागेल, साहेब?”

मी मनात गणित करू लागलो. त्याने टिचकी वाजवली. “एवढा पण नाय.”

तो हसला. निदान मला तरी ते हसू वाटलं.

टेप चौकोनातच राहिली होती. ती आणायला तो निघाला, रेघेपाशी थांबला, तेलकट बूट काढून बाजूला नीट ठेवले आणि मगच आत गेला.

“या ना आत. बाहेर का उभे?”

मी वाकलो आणि बुटाची नाडी सोडू लागलो.